सत्यभामाबाईंची वाक्यं

खोलीत कुणी नाही असं समजून मी मोठ्यानं वाचत होते, "मी नाय यायची माघारी. रस्ता तुमचा असंल, पाय माझे हायत—"

"का थांबलात?"

दारात एक उंच मुलगा उभा होता. बाहेर भुरभुर चालू होती. त्याच्या चष्म्यावर थेंब होते आणि तरीही तो माझ्याकडंच बघत होता.

सत्यभामाबाई नटी, लेखिका. शेतमजूर बायकांच्या मोर्च्यात कायम पुढं. त्या गेल्यावर लेकीनं त्यांचे सगळे कागद उस्मानपुऱ्यातल्या आमच्या संग्रहालयाला दिले. ते लावून ठेवायचं काम माझं. त्यांचं कधीच रंगमंचावर न आलेलं एक नाटक हा मुलगा, मिहिर, बसवणार होता. हस्तलिखित बघायला म्हणून आला होता.

"हे असं बोलायला कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? सोयगावची आहे मी."

मग तो रोज यायला लागला. मी वाचायची, तो फोनवर आवाज टिपायचा. मध्येच मान वर करून बघायचा... आणि मला पुढची ओळच सापडायची नाही.

अशात स्वराली आली. नाटकाची नायिका. लांब कानातले, मोकळं हसू. दोघं माझ्याच टेबलाशी प्रेमाचा प्रवेश वाचत बसले. मिहिरनं तिच्या फोनवर काहीतरी पाठवलं, तिनं ते कानाला लावलं. माझा आवाज. तिनं अगदी तसंच म्हणून दाखवलं आणि तो खूश होऊन हसला. तिच्याकडं बघून.

आवाज माझा, आणि हसू तिला. आत कुठंतरी झोंबलंच.

तिला कुणाचा तरी फोन आला, ती व्हरांड्यात गेली. मी हस्तलिखित उचललं.

"आज एवढंच."

"अहो, अजून अर्धा प्रवेश—"

"माझा आवाज पुसून टाका."

"काय झालं?"

"काय नाय. कुणी कानाला लावलेला नाय आवडत मला."

"कुणी... की स्वरालीनं?"

मी खिडकीकडं बघितलं. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघूनच गेलं. "तिच्याकडं बघता ना तुम्ही, तेव्हा मला तिचा लई राग येतो. बिचारीचा काही दोष नाय. तरी येतो."

त्यानं टेबलावरचा फोन हातात घेतला.

"तिला सांगून तिच्याकडचं पुसायला लावतो. माझ्याकडचं... ते नाही पुसणार."

"तुम्हाला कशाला हवंय?"

"घरी ऐकायला." त्याचे कान लाल झाले होते. "नाटकापुरतं एकदा ऐकून भागलं असतं, तनुजा. मी रोज ऐकतो. तू... म्हणजे तुम्ही—"

"तूच म्हण."

तेवढ्यात स्वराली परत आली. "बंद केलं का वाचायचं?"

"नाही," मी म्हणाले, "आता समोर बसून शिकवते तुम्हाला. फोनवरनं नाय जमायचं ते."

मिहिरच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती. ती उचलून मी पलीकडं ठेवली आणि त्या खुर्चीत बसले.