एका वेळी एकच

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा आत ती एकटीच होती आणि तिच्या दोन्ही हातांत एक भलंमोठं खोकं होतं. ती शाळेत गणित शिकवायची. इमारतीतली पोरंसोरं तिला 'बाई' म्हणत. वीस मिनिटांनी दार किलकिलं झालं आणि वरून लिफ्ट दुरुस्त करणारा डोकावला.

"ते खोकं द्या आधी."

"आधी मला काढा की!"

त्याने खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "प्रोसेसरचा कूलर? एवढा मोठा? ओव्हरक्लॉकिंग करून वेग वाढवताय की काय?"

"करायचंय... सुट्टीत गेम खेळते मी. पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

"मग तुम्हालाच आधी काढायला हवं," तो हसून म्हणाला आणि हात पुढे केला.

पुढच्या शनिवारी दुपारी तो तिला दाखवायला तिच्या घरी आला. त्याच्याकडेही तिच्यासारखाच मदरबोर्ड होता, तसलाच प्रोसेसर. तिचे बाबा पेपर उघडून कोपऱ्यात बसले. वाचत कमी होते, ऐकत जास्त.

"लिफ्टमध्ये आठ माणसं लिहितात ना," तो समजावू लागला, "तरी बनवणाऱ्याने थोडी ताकद राखून ठेवलेली असते. यातही तसंच. ती राखलेली ताकद हळूहळू मागून घ्यायची, ओरबाडायची नाही. एक पायरी वेग वाढवायचा, तासभर मशीनला ताण देणारी टेस्ट लावायची, तापमान बघायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर बिघडलं कशाने ते कळतच नाही."

टेस्ट चालू असली की तासभर दुसरं काही करता येत नसे. मग गप्पा. त्याला उंचीची भीती वाटायची — लिफ्टवाल्याला! — हे तिला दुसऱ्या शनिवारी कळलं. तिला सातचा पाढा अजूनही मनात गुणगुणावा लागतो, हे त्याला तिसऱ्या. ती शनिवारची वाट बघू लागली होती, आणि ते तिला स्वतःलाच कबूल करवत नव्हतं.

चौथ्या शनिवारी तो म्हणाला, "मस्त चाललंय. अजून एक शनिवार... मग तुमचं तुम्हाला जमेल."

ते वाक्य तिला आठवडाभर टोचत राहिलं. पाचव्या शनिवारी सकाळी तिने सेटिंग उघडलं आणि मेमरीचा वेग गुपचूप वाढवला. मेमरीकडे तो बघणार नव्हता. तो तर एका वेळी एकच गोष्ट बघायचा.

दुपारी टेस्टच्या बाराव्या मिनिटाला मशीन कोलमडलं. "आश्चर्य आहे," तो पुटपुटला. "पुढच्या शनिवारी बघू." तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पण आता गप्पा आटल्या होत्या, तो नुसता पडद्याकडे बघत बसायचा.

आठव्या शनिवारी त्याने खिशातून एक छोटी डबी काढली. आत प्रोसेसर होता.

"हा माझा. चोख आहे. तुमचा माझ्या हातून गेला असणार."

"आणि तुमच्या मशीनला?"

"बघू." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी लिफ्टमध्ये माणसं चढवतो, बाई. आपल्याच हाताचा भरवसा वाटेनासा झाला, की... कालपासून प्रत्येक बोल्ट तीन-तीनदा तपासतोय."

कॉपी करणाऱ्या पोरांना आपण वर्गाबाहेर उभं करतो, आणि हे काय करून बसलो! आता गप्प राहिलं तर तो कायम असाच येत राहील, आणि दर वेळी थोडा खचत जाईल. सांगितलं तर कदाचित परत येणारच नाही.

"मला दोन गोष्टी सांगायच्यात," ती म्हणाली.

"एका वेळी एकच," तो सवयीने म्हणाला.

तिने पहिली सांगितली.

त्याने मेमरी पूर्ववत केली, वेग पाचव्या शनिवारचा ठेवला आणि टेस्ट लावली. बाबांच्या हातातल्या पेपरचं पान तासभर उलटलं नाही. बारा मिनिटं गेली, तीस गेली... तास भरला. मशीन हूं की चूं न करता चालत होतं.

त्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "म्हणजे हात ठीक होता."

"हात चोखच होता. लबाडी माझी होती. रागवा हवं तर."

"रागावलोच आहे." त्याने पिशवी उचलली. दारापर्यंत जाऊन थांबला. "दुसरी गोष्ट राहिली."

"ती... पहिलीचं कारण आहे."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो कानापर्यंत लाल झाला आणि उगाचच पिशवीची चेन लावू लागला, जी लावलेलीच होती.

"माझं मशीन घरी उघडं पडलंय," तो म्हणाला. "हा प्रोसेसर परत बसवायचा तर टॉर्च धरायला कुणीतरी लागेल. आई आहे घरी."

"पण तुम्ही रागावलाय ना?"

"घरी पोहोचेपर्यंत राग उतरेल बहुतेक."

"जा गं," पेपरमागून बाबा म्हणाले, "मला पेपर वाचायचाय."

त्याने ती डबी तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांत धरली आणि जिन्याकडे वळली. तो लिफ्टचं दार उघडून उभा होता.

"या. आता नाही अडकणार."

"अडकली तरी चालेल," ती म्हणाली आणि आत गेली.