काळी चार

दिंडोरी रस्त्याला द्राक्षबागांमध्ये एका पारशी शेठचा जुना बंगला होता. दोन हजार चार साली नव्या मालकांनी तिथे मैफली सुरू केल्या आणि पहिल्याच रविवारी सकाळी मनीषाला गायला बोलावलं.

वर्षापूर्वी तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. आवाज परत येईल, असं कुणीही छातीठोक सांगेना. पण मनीषा मुळात हट्टी. पहाटे उठून खर्ज घासत तिनं आपली पट्टी परत मिळवली होती. पेटीवरची काळी चार. तिच्या खाली गायला ती मुळीच तयार नव्हती.

शिष्या चैतालीनं दोन्ही तंबोरे लावून ठेवले. दोघी चहा घेऊन आल्या, तर दोन्ही उतरलेले.

"उन्हानं असेल," मनीषा म्हणाली. पण उन्हानं उतरलेला तंबोरा बेसूर होतो. यांच्या साऱ्या तारा मात्र एकमेकींशी छान जुळलेल्या होत्या, फक्त खाली, पांढरी चारला.

"आत कोण आलं होतं?"

बंगला झाडणारी लंकाबाई दारातच होती. "कुणीबी नाय, ताई. मी हितंच हाय." मग केरसुणीकडे बघत म्हणाली, "त्यो म्हातारा शेठ म्हनतोय तसं गा की. कशाला भांडता?"

"भांडणारच! गळा घासून मिळवलाय हा सूर. असा सोडते होय?"

तिनं स्वतः खुंट्या पिळल्या आणि तंबोऱ्यांजवळून हलली नाही. माणसं जमली. तोडी सुरू झाली. पहिली दहा-बारा आवर्तनं सुखाची गेली. मग पाठीमागचा षड्ज हळूहळू खचू लागला.

चैतालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, मी खुंटीला हात नाही लावला हो."

मनीषाच्या अंगावर काटा आला, आणि रागही आला. "खाली ठेव दोन्ही."

बिनतंबोऱ्याचं गाणं! लोक कुजबुजले. ती नुसत्या पेटीवर गायली, काळी चारमध्येच, शेवटच्या तिहाईपर्यंत. टाळ्या थांबेनात.

लोक जेवायला बागेत गेले. चैताली तंबोरे गाडीत ठेवायला गेली. रिकाम्या दिवाणखान्यात लंकाबाई सतरंज्या गुंडाळत होती. कोपऱ्यातल्या फोनवरून मनीषानं घरी फोन लावला. ज्ञानेश तापानं पडून होता, नाहीतर पहिल्या रांगेत असता. वर्षभर तिच्या रियाजाला रोज शेजारी बसलेला नवरा तो.

"अहो, जमलं! पूर्ण गायले. माझ्याच सुरात."

पलीकडून ज्ञानेशनं विचारलं,

"कोण बोलतंय?"

"अहो, मी!"

"ताई, आवाज नाही ओळखला मी तुमचा. पण मागं मनीषा गातेय ना? काय लागलाय हो आज तिचा गळा! मध्येच नका उठवू तिला. झालं की फोन द्या."