पैलवान का जेवेना?

"हलू नकोस! फळी पडेल डोक्यात!" ताई कुजबुजली.

"मग तू आधी माझ्या पायावरून ऊठ!" लवंगी फणकारली.

"गप्प राहा दोघी! आला तो!" चष्म्या म्हणाला.

तिघं भावंडं सुट्टीला मावशीच्या यजमानांकडे, म्हणजे काकांकडे आली होती. आता ती काकांच्या लाकडाच्या वखारीत, रचलेल्या फळ्यांमागे दडली होती. समोर आखूड साखळीला पैलवान बांधलेला होता. गाडे ओढायला पाळतात त्या जातीचा, वासराएवढा कुत्रा! पण त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. सिमेंटवर पडून पडून कोपरं सोलली होती. नखं इतकी वाढली होती, की पाय वाकडे पडत.

पैलवान मावशीचा. ती त्याला सकाळ-संध्याकाळ तासभर फिरवायची. छोट्या गाड्याला जुंपून भुशाची पोती ओढायला लावायची. महिन्यापूर्वी मावशी गेली आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी पैलवानला घरातून वखारीत पाठवलं. आज सकाळी राखणदार म्हणाला होता, "भांड्याला तोंड लावत नाही. म्हातारा झालाय. बारा वाजता डॉक्टर येतायत, कायमचं झोपवायला."

"म्हातारा? पाच वर्षांचा तर आहे!" ताई भडकली होती. "हा राखणदारच त्याचं जेवण पळवत असणार!"

म्हणून ही पाळत!

राखणदार भांडं घेऊन आला. शिजवलेल्या मांसाचा वास फळ्यांमागेही पोचला. पैलवान धडपडत उठला आणि साखळीला हिसके देऊ लागला.

"बस! बस!" राखणदार खेकसला. "बस झाली तुझी नाटकं!" भांडं ठेवून तो निघून गेला.

पैलवान खाली बसला. नाकासमोर भांडं, तोंडातून लाळेच्या तारा. पण त्याने तोंड घातलं नाही. दहा मिनिटं गेली. वीस गेली. राखणदाराने लांबूनच डोकावून पाहिलं. "माज, दुसरं काय! तासाभराने गटारात ओतायचं, रोजचंच आहे!"

"म्हणजे चोर नाहीच!" लवंगी हिरमुसली.

चष्म्या मात्र उठून उभा राहिला. "अगं, राखणदार 'बस' म्हणतो ते 'पुरे' म्हणून! आणि पैलवान समजतो, 'खाली बस'! मावशीने शिकवलंय ना त्याला! 'आता खा' असं कुणी म्हणायची वाट बघतोय तो!"

"पण हमालांनी फेकलेले पावाचे तुकडे खातो की!" लवंगी म्हणाली.

"तेव्हा त्याला कुणी 'बस' म्हणत नाही!"

"महिनाभर वाट बघतोय?" ताई फळ्यांमागून उठली.

तिघं धावली. "खा!" "घे, घे!" "जेव ना रे राजा!" पैलवानने नुसते कान हलवले.

एवढ्यात फाटक वाजलं. काका आणि बॅग घेतलेले डॉक्टर आत आले.

"बाजूला व्हा, पोरांनो," काका म्हणाले.

"काका, थांबा!" चष्म्याने एका दमात सगळं सांगितलं. "मावशी त्याला जेवायला काय सांगायची?"

"मला काय ठाऊक? मी पेपर वाचत असायचो."

"आठवा ना! नाहीतर मरेल तो!" लवंगी किंचाळली.

डॉक्टरांनी उघडलेली बॅग परत बंद केली. "आठवून बघा. मला घाई नाही."

काका आठवत आठवत म्हणाले, "त्याला वेगळं काही म्हणत नसे. याचं भांडं माझ्या खुर्चीपाशी असायचं. आम्हा दोघांना एकदमच वाढायची."

"आणि मग?"

काकांनी पैलवानकडे पाहिलं नाही. "जेवा आता," ते म्हणाले.

पैलवानने भांड्यात तोंड खुपसलं!

"अहो-जाहो!" चष्म्या ओरडला. "आणि आपण अरे-तुरे करत होतो!"

"निम्मं काढून घ्या!" डॉक्टर धावले. "इतक्या उपासावर एकदम पोटभर नको. दिवसभरात थोडं थोडं द्या. आणि जेवल्यावर लगेच पळवू नका." मग ते मुलांकडे वळले. "शाबास रे! आज माझ्या हातून केवढं पाप घडलं असतं!"

"मला वाटलं, माज आहे," राखणदार पुटपुटला.

काकांनी ताईच्या पाठीवर हात ठेवला. "हुशार आहात. तुमच्या मावशीला कौतुक वाटलं असतं."

"मावशीला राग आला असता," लवंगी म्हणाली. ताईने चिमटा काढला. "चिमटे काय काढतेस? खरंच आहे! काका, तुम्ही एकदा तरी बघायला यायचं होतंत!"

काका पैलवानच्या साखळीपाशी जाऊन उभे राहिले.

"त्याला बघितलं, की मागून ती येईल असं वाटायचं," काका म्हणाले. "म्हणून नाही आलो."

"त्यालाही तसंच वाटत असेल. पण त्याला कुठे जाता येत होतं?" लवंगी म्हणाली.

काकांनी वाकून साखळी सोडली.

"रोज फिरवणार कोण?" डॉक्टरांनी विचारलं. "सुरुवातीला थोडं, मग दोन्ही वेळा तासभर. एकही दिवस चुकवून चालणार नाही."

"मी," काका म्हणाले.

वखारीच्या फाटकापर्यंतचं अंतर पन्नास पावलांचं. त्या दोघांना पाव तास लागला.