बोगद्यातली एकोणीस मिनिटे

ही घटना खरी आहे. पण ते मी शपथेवर सांगणार नाही. शपथेवर लिहिलेला एक अहवाल मी वाचला आहे. तेव्हापासून शपथेवरचा माझा विश्वास उडाला.

मी दुर्गच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. राहतो भिलाईत, मरोद्याला. जे घडले ते रात्री नव्हे, भर दिवसा घडले. दोन वर्षांपूर्वी, सतरा सप्टेंबरला, रसमड्याच्या एका कारखान्यात.

माझा धाकटा भाऊ चंपत तिथे ठेकेदाराकडे फिटर होता. जमिनीखाली गॅसच्या नळांचा बोगदा आहे. त्याची दुरुस्ती चंपत करायचा. आत शिरताना तो पान्याने नळावर दोनदा ठोकायचा.

बाहेर आला की एकदा.

वरच्यांना कळावे म्हणून...

त्या सतरा सप्टेंबरच्या काही वर्षे आधी, एके दिवशी तो आत असताना कोणीतरी गॅसची झडप उघडली. अकरा वीसला उघडली, अकरा एकोणचाळीसला बंद केली. प्रेत मात्र बोगद्याच्या दाराबाहेर सापडले. अहवाल म्हणतो: ‘आत कोणीही नव्हते. मृत्यू हृदय बंद पडून.’ अहवालाची भाषा निर्दोष आहे. माणूस तेवढा गाळला आहे.

झडप उघडण्याआधी आत कोणी आहे का, हे एक प्रोग्राम तपासतो. तो इतका मंद होता की उत्तराची वाट पाहून कंटाळलेले चालक झडप हातानेच उघडत. चंपतचा मुलगा अंकुर पुढे प्रोग्रामर झाला आणि त्याने हट्टाने हेच काम मागून घेतले. उत्तर इतक्या लवकर यावे, की हाताने उघडण्याचे कोणाला सुचूच नये.

“मोठेबाबा, आधी प्रोग्राम चालवून पाहायचा,” त्याने मला समजावले. “कोणत्या वाटेनं किती वेळा गेला ते मोजून ठेवायचं. मग कंपायलर ते आकडे पाहून त्याले नव्यानं बांधते. रोजची वाट हाताशी ठेवते. जिथं शून्य, ते दूर कोपऱ्यात टाकून देते.”

“म्हणजे चौकशी समितीच म्हण की,” मी म्हणालो.

तो हसला नाही.

मोजणीसाठी त्याने विश्वकर्मापूजेचा दिवस, म्हणजे तोच सतरा सप्टेंबर, निवडला, कारण त्या दिवशी संगणक मोकळा होता. चूक त्याचीच. सारी यंत्रे हार घालून बंद ठेवलेली, आणि हा प्रोग्रामला कामाचा दिवस कसा असतो ते शिकवणार! त्या दिवशी घरच्यांना कारखाना पाहू देतात, म्हणून मीही सोबत गेलो. बोगद्याला कुलूप होते. किल्ली पाळीप्रमुख बाबुलालच्या खिशात.

नऊला मोजणी सुरू झाली. अकराच्या सुमारास आरती संपली. लाउडस्पीकर थांबला. पंख्यांची घरघरही नव्हती. इतकी शांतता कारखान्यात नसते.

अकरा वीस...

ठण्.

ठण्.

आवाज पायाखालून आला. अंकुरचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

मी कान देऊन बसलो. तिसरा ठोका आला नाही.

एक वाजता मोजणी थांबवली. ‘आत माणूस आहे’ या वाटेवर शून्य असायला हवे होते.

तिथे आकडा होता... एक हजार एकशे चाळीस.

प्रोग्राम सेकंदाला एकदा तपासतो. भागाकाराला मला कागद लागला नाही.

एकोणीस मिनिटे.

बाबुलालला बोलावले. त्याने आकडा पाहिला, मग घड्याळ, मग खिसा चाचपला. किल्ली तिथेच होती. आम्ही खाली जाऊन पाहिले. कुलूप तसेच, त्यावर सकाळचे कुंकूही तसेच.

“सेन्सर की गड़बड़ है, प्रोफेसर साहब,” तो म्हणाला. “इसको जीरो करवा दो.”

उत्तर अंकुरने दिले. “जीरो तो आप लोग एक बार लिख चुके हो. मैं नहीं लिखूंगा.”

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: “बाबाले कोपऱ्यात कसं टाकू, मोठेबाबा?”

त्याच आकड्यांवर त्याने प्रोग्राम बांधून घेतला. आता उत्तर तत्काळ येते. झडपेला कोणी हात लावत नाही. अंकुरला जे हवे होते ते झाले.

फक्त रोज अकरा वीसला पडद्यावर उमटते... आत माणूस आहे.

झडप उघडत नाही. सेन्सर दोनदा बदलले. कुलूप तिसरे आहे. अकरा एकोणचाळीसला पडदा सांगतो, आत कोणी नाही. आणि झडप उघडते.

व्यवस्थापनाने यावर तोडगा काढला. वेळापत्रकात आता छापलेले असते: ‘तांत्रिक विश्राम, ११.२० ते ११.३९.’ जी एकोणीस मिनिटे अहवालात मावली नाहीत, ती रोजच्या कामात बिनबोभाट मावली. कामगार तेवढ्यात चहा पितात. बोगद्याकडे पाठ करून.

मी अधूनमधून जातो. दोन ठोके मी ऐकले आहेत. तिथे सगळ्यांनीच ऐकले आहेत.

मग अकरा एकोणचाळीस होतात. आत गॅस सोडला जातो...

बाहेर येतानाचा एक ठोका आजवर कोणीही ऐकलेला नाही.