चारशे बारा नावं

रात्री पावणेअकराला फोन आला आणि बो-यान स्कूटर काढून चीगूला निघाला. गेल्या वर्षीची गोष्ट. भुतांच्या सातव्या महिन्याची चौदावी रात्र, वार शुक्रवार. आपल्याच ओळीत कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा आहे त्याचा, तुम्ही पोरांनी पाहिलाय त्याला. हात चांगला, जीभ घाणेरडी. गिऱ्हाईक म्हणजे गाढव, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचा. अख्ख्या ताइनानात असा दीडशहाणा दुसरा मिळायचा नाही. पण हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना एकदाही हसला नाही.

चीगूला खाऱ्या तळ्यांच्या काठी एक लहानसं देऊळ आहे. तिथले कारभारी श्वे-त्साय काका, वय अठ्ठ्याहत्तर. समुद्रात बुडालेली, मागे कुणी नसलेली किंवा देहच न सापडलेली जी माणसं, त्यांची नावं तिथं पंधरावीच्या पहाटे पाचला पुरोहित मोठ्यानं वाचतो. मगच त्यांना जेवण वाढतात. चारशे बारा नावं. प्रत्येक नावापुढे गाव आणि गेला तेव्हाचं वय. जुनी वही वाळवीनं खाल्ली, तेव्हापासून यादी फक्त कॉम्प्युटरात.

तो कॉम्प्युटर त्याच दुपारी बो-याननं उघडला होता. मेमरीची नवी पट्टी बसवली, जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, दोन्ही आत ठेवल्या आणि चालू करून न बघताच साहेब निघाले. वर आणखी काय केलं ऐका. यंत्रानं नीट वागावं म्हणून आपण त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतो ना? ते यानं फोडून खाल्लं. आणि काकांच्या नातीचं पिवळं पाकीट उचलून तिथं ठेवलं. पिवळं! हिरवा दिवा म्हणजे सुरळीत, पिवळा म्हणजे बिघाड, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण याला कोण सांगणार!

देवळाच्या कार्यालयात पाय ठेवताच यानं तोंड सोडलं.

"काय हो काका, झोपेचं खोबरं केलंत. प्लग तरी लावलाय का?"

"लावलाय रे बाबा. पंखा फिरतो, पडदा काळाच."

"तुमच्या डोक्यात उजेड पडत नाही, तर पडद्यावर कुठून पडणार?"

काकांनी त्याच्यापुढे चहा ठेवला.

यंत्र एक लांब शिट्टी मारून थांबायचं, पुन्हा मारायचं. बो-याननं झाकण काढलं. मेमरीची पट्टी उपसली, तिची सोनेरी कड खोडरबरानं घासली, कट्कन बसेपर्यंत दाबली. शिट्टी थांबली. पडदा उजळला. पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली, सुरू करायला डिस्कवर काहीच नाही.

त्यानं वायरी तपासल्या. एक डिस्क लावून पाहिली. कोरी. मग दुसरी लावली.

तीही कोरी.

आता मात्र त्याच्या लक्षात आलं. दुपारी त्यानं नक्कल उलटी केली होती. भरलेलीवरून मोकळीवर करायची, ती मोकळीवरून भरलेलीवर. यादी त्याच्याच हातानं पुसली गेली होती.

"काय झालं रे?" काकांनी विचारलं.

"काय व्हायचंय? भंगार आहे तुमचं मशीन." यंत्र आणि प्रिंटर दोन्ही ज्यावर होते तो अख्खा एक्स्टेन्शन बोर्डच त्यानं भिंतीतून उपटला.

"आणि यादी?"

"यादी, यादी! मेलेल्यांना काय फरक पडतो? चार नावं वाचा आणि द्या जेवायला. मोजतंय कोण?"

"माझा धाकटा भाऊ आहे त्यात. चार वर्षांचा होता. वर्षातून एकदा जेवतो बिचारा."

"मग त्याचं तेवढं नाव घ्या की."

"आणि बाकीच्यांना उपाशी ठेवून तो एकटा जेवेल होय रे?"

काकांनी कागद घेतला. आठवतील तशी नावं पुटपुटत लिहू लागले. बो-यान हत्यारं आवरत होता. म्हाताऱ्याची त्याला कीव नाही, चीड येत होती. पहाटेपर्यंत बस म्हणावं बडबडत.

दोन वाजायला दहा मिनिटं होती. शहाण्णव नावं झाली आणि काका अडले.

"लिन... लिन आडनाव... नावेवरचा... अरे देवा..."

काकांनी पेन कागदावर टेकवून धरलं.

यंत्रानं शिट्टी मारली. एकच. आखूड.

बो-याननं खाली पाहिलं. उपटलेल्या बोर्डाची वायर त्याच्या हातात होती.

प्रिंटर खरखरला. एक कागद बाहेर आला. त्यावर एकच नाव. गाव. वय.

काकांनी तो दिव्याजवळ धरला. "हो. हाच," म्हणाले, आणि लिहून घेतलं.

पुढचं आठवलं. त्याच्या पुढचं... नाही.

शिट्टी. कागद.

"काका, चला इथून."

"बस खाली. त्यांना सांगू दे."

शिट्टी. कागद. शिट्टी... कागद...

दाराकडे जायला त्याचे पाय उठेनात. वायर हातातून सुटेना. तीन वाजले. चार वाजले. काका आता आठवतही नव्हते, नुसते उतरवून घेत होते. एका कागदावर त्यांचा हात थांबला. वय, चार. त्यांनी तो कपाळाला लावला आणि म्हातारा ओक्साबोक्शी रडला.

पावणेपाचला मोजलं. चारशे बारा. काका यादी घेऊन पुरोहिताकडे धावले. बाहेर घंटा झाली, वाचन सुरू झालं. एकही नाव चुकलं नाही. सगळे जेवले.

खोलीत बो-यान एकटा.

पुन्हा शिट्टी...

कागद आला. यादीतला चारशे तेरावा माणूस. गावाच्या जागी त्याच्याच गाळ्याचा पत्ता. वय चौतीस. नावाची जागा रिकामी.

तेव्हा तो तेहतीसचा होता. कागद फाडायची हिंमत झाली नाही, म्हणून गाळ्यातल्या खणात ठेवलाय. या महिन्यात त्याला चौतीस पूर्ण झाली. काल त्यानं मला बोलावून खण उघडून दाखवला.

रिकाम्या जागेत त्याचं आडनाव उमटलंय.