शेजारचा श्वास

पुष्कर, दरवाजा लोटून घे, कोहरा आत येतोय, बाहेर नुसतं धुकं आहे. आणि स्मृती, तो मोबाइल ठेव खाली. ही गोष्ट माझ्या दोस्ताची, केदार फाळकेची आहे. त्यानं स्वतः मला सांगितलं.

केदार एका खासगी दवाखान्यात कामाला. पेशंटच्या छातीला पट्टा बांधायचा, त्याची तार मशीनला जोडायची. पडद्यावर रात्रभर दोन रेषा चालतात. वर श्वास, खाली हृदयाचे ठोके. २०२४ची अकरा जानेवारी, गुरुवार. त्याच्या बायकोला, दुर्गाला, धडधड व्हायची. डॉक्टर म्हणाले, घरीच तपासणी कर. तो स्कूटरवर मशीन घेऊन बिर्लानगरला घरी आला, जेवला आणि दहाला पट्टा बांधून तिच्याजवळ खुर्चीत बसला.

आता एक समजून घ्या. लहान मुलानं श्वास घेतला की ठोके पळतात, सोडला की संथ होतात. दोघांची जोडी असते. वय वाढतं तशी ती सुटत जाते. दुर्गा एकसष्टची. श्वास वर-खाली होत होता, ठोके मात्र एका चालीत.

दोन वाजून दहा मिनिटं. ठोके श्वासाबरोबर पळू लागले.

"मशीन खराब झाली असेल ना, काका?"

त्यालाही तेच वाटलं, पुष्कर. तार काढून परत लावली. तरी तेच. श्वास मिनिटाला बावीस. त्यानं दुर्गाकडे पाहिलं. ती अगदी सावकाश श्वास घेत होती...

पडद्यावरचा श्वास तिचा नव्हता.

त्यांना एक मुलगी होती. अंतरा. सहा वर्षांची असताना न्यूमोनियानं गेली, सत्त्याण्णव साली. त्या रात्री केदार ड्यूटीवर होता. दुसऱ्यांच्या पोरांना तारा लावत. निरोप मिळून घरी पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. दुर्गानं त्याला कधी बोल लावला नाही. तेच त्याला सोसायचं नाही.

दुर्गा झोपेतच पुटपुटली, "हळू... आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"कोणाचा?" केदारनं विचारलं.

केदारनं बत्ती लावली नाही. हातही पुढे केला नाही. केला आणि काहीच लागलं नाही तर...

तो खाली फरशीवर बसला.

"बेटा, मी आज घरीच आहे ग. कुठे नाही गेलो."

ठोके पळाले. संथ झाले. पळाले. संथ झाले...

तो बोलत राहिला. पाचच्या सुमारास श्वास उथळ झाला. तरी बोलत राहिला. एक श्वास आत. ठोके पळाले. मग श्वास सुटला...

दोन्ही रेषा सपाट.

त्यानं दुर्गाला गदागदा हलवलं. ती उठून बसली. धडधाकट.

"अहो, रडताय काय?"

त्यानं पट्टा चाचपला. तिच्या अंगावर नव्हता. रजईत होता, भिंतीकडच्या बाजूला. बक्कल लागलेलं. आणि आवळून इतका लहान केलेला, की दुर्गाला तो अर्धासुद्धा पुरला नसता.