सातव्या मजल्यावरचे कंदील

नाशिकच्या ‘सोबती’ सोसायटीत सातवा मजला वटवाघळांचा होता. नव्या इमारतीत एक मजला इतर जिवांसाठी ठेवायचा असा आता नियमच झाला होता, आणि सोसायटीला आपल्या बिऱ्हाडकरूंचा भारी अभिमान. पण ऐन दिवाळीत कोडं पडलं. सलग तीन संध्याकाळी एकही वटवाघूळ बाहेर पडलं नाही.

शाल्मलीला जेवण जाईना. “आजोबा, ती उपाशी मरतील हो.”

आजोबा प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी सातव्या मजल्याच्या भिंतीला कानयंत्र (आपल्याला ऐकू न येणारे आवाज ऐकवणारं यंत्र) लावलं. आतून बारीक टकटक आली.

“जिवंत आहेत. दाराशी येतात नि मागे फिरतात. इथे नवीन काय झालंय गं?”

शाल्मलीने पाहिलं. त्या दारापासून गोदावरीकाठच्या झाडांपर्यंत आकाशकंदिलांची रांग लागली होती. सोसायटीतल्या मुलांनीच ती हौसेनं लावली होती. शेजाऱ्यांच्या दारी कंदील नाही, हे काय बरं दिसतं?

“पण ती तर प्रतिध्वनीने (आवाज आपटून परत येण्याने) वाट काढतात ना?” तिने विचारलं.

“काढतात. पण उजेडात घुबडाला ती दिसतात, म्हणून उजेड ओलांडायला घाबरतात. बाजाराच्या रस्त्यात वाघ बसला असेल, तर तू भाजी आणायला जाशील? नुसतं घर देऊन भागत नाही. घरापासून खाण्यापर्यंत अंधारवाट (दिवे नसलेला सलग पट्टा) लागते.”

सेक्रेटरी पेंढारकरकाकू कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “दिवाळीत कंदील विझवायचा? मला नाही चालणार.”

“विझवू नका काकू, फाटकापाशी नेऊ,” शाल्मली म्हणाली.

काकू कुरकुरल्या, पण पहिला कंदील त्यांनीच उतरवला.

दिवेलागणीला कानयंत्रातली टकटक वाढली. एक सावली झाडांकडे गेली. मागून दुसरी, मग झुंडच्या झुंड. शाल्मलीला इतकं हायसं वाटलं की ती आजोबांना बिलगून रडलीच.

“पुढच्या वर्षी अख्ख्या शहराच्या नकाशात अंधारवाटा आखू,” आजोबा म्हणाले. “बेडकांच्या वाटाही बघायच्यात.”

काकू मात्र अजून झाडांकडेच बघत होत्या. “सावकाश जेवा रे,” त्या हळूच म्हणाल्या.